आकार पोहोचला, अर्थ वाटेत राहिला

फ्रान्सच्या तुलूझ शहरात एअरबसच्या ए-380 या दुमजली विमानाची जुळणी चालू होती, तेव्हाची ही गोष्ट. पंख ब्रिटनमधून यायचे, आडवे शेपूट स्पेनमधून आणि धडाचे पुढचे-मागचे भाग जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधून. या एका विमानात सुमारे 530 किलोमीटर लांबीच्या तारा होत्या. वेगवेगळ्या तारांची संख्या लाखाच्या वर आणि त्यांना जोडणारे कनेक्टर 40 हजारांहून जास्त. कामगार तारांचे जुडगे धडाच्या भिंतींतून आणि तळाखालून ओवत नेत, आणि अखेरच्या जोडापाशी येऊन अडत. तारा आखूड पडत होत्या. कनेक्टरपर्यंत न पोहोचणारी तार चार बोटे आखूड असो की हातभर, ती निरुपयोगीच.

कारण शोधताना कोणा एकाची चूक सापडली नाही. जर्मनी आणि स्पेनमधले अभियंते कॅटिया या कॅड, म्हणजे डिझाइनच्या, सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचवी. बनवणारी कंपनी एकच, दासो सिस्तेम. पण पाचवी आवृत्ती जवळजवळ मुळापासून नव्याने लिहिलेली होती. चौथीतले मॉडेल पाचवीत उघडायचे, दिसायचेही बरोबर. मात्र त्यातली सगळी माहिती बरोबर येत नसे. वजन वाचवण्यासाठी काही तारा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या केल्या होत्या. ॲल्युमिनियमची तार तांब्याइतकी घट्ट वळवता येत नाही, तिला मोठे वळण द्यावे लागते, आणि वळण बदलले की लांबी बदलते. धडाच्या रचनेतले बदलही सतत चालूच होते. हे सारे तारांच्या मॉडेलपर्यंत वेळेत आणि पूर्ण पोहोचले नाही.

शेकडो जर्मन कामगार तुलूझला येऊन महिनोन्‌महिने हाताने तारा बदलत राहिले. जून 2006 मध्ये उशिराची बातमी फुटताच एअरबसच्या मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात 26 टक्के घसरला. पुढच्याच महिन्यात वरच्या दोन अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केले की 2010 पर्यंतच्या नफ्याला 4.8 अब्ज युरोंची खोट बसेल. मालवाहू ए-380 ची मागणी नोंदवलेल्या फेडेक्स आणि यूपीएस या दोन्ही कंपन्यांनी ती रद्द केली. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडले 15 ऑक्टोबर 2007 रोजी, ठरल्यापेक्षा सुमारे दीड वर्ष उशिरा.

ए-380 ची कथा जगभर गाजली, कारण नुकसान अब्जांचे होते. पण हाच घोटाळा लहान आकारात रोज घडतो. जिथे एक जण वस्तूचे डिझाइन करतो आणि दुसरा ती बनवतो, अशा प्रत्येक ठिकाणी घडतो. आपल्याकडे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात तर हजारो सुटे भाग अशाच देवाणघेवाणीतून जन्माला येतात. म्हणून ही देवाणघेवाण नेमकी कुठे बिघडते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

बारा मिलिमीटरचे एक भोक

समजा, चाकणच्या एका वाहन कारखान्यासाठी भोसरीतल्या एका वर्कशॉपने लोखंडी ब्रॅकेट बनवायचा आहे. ब्रॅकेटला 12 मिलिमीटर व्यासाचे एक भोक आहे. ड्रॉइंगवर त्याच्यापुढे लिहिलेले असते ‘12 एच-7’. यातले ‘एच-7’ सांगते की भोकाचा व्यास 12.000 ते 12.018 मिलिमीटरच्या दरम्यानच हवा. म्हणजे सूट, अर्थात टॉलरन्स, फक्त 18 मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी. एवढ्याशा खुणेवरून अनुभवी मशिनिस्ट ओळखतो की इथे नुसता ड्रिल चालणार नाही. आधी जरा लहान भोक पाडायचे आणि मग रीमर मारून ते नेमक्या मापावर आणायचे.

आता असे धरा की ड्रॉइंग आलेच नाही, फक्त थ्री-डी मॉडेल आले. मॉडेलमध्ये भोक आहे आणि व्यास आहे 12. बस. प्रोग्रॅमर 12 चा ड्रिल लावतो, भोक किंचित मोठे पडते, त्यात बसणारी पिन हलते आणि तपासणीत पूर्ण लॉट रिजेक्ट होतो. याउलट, सावधगिरी म्हणून त्याने सगळीच मापे काटेकोर धरली, तर भाव इतका चढतो की ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. दोन्ही बाजूंनी नुकसान वर्कशॉपचेच, आणि त्याचे कारण एका लहानशा खुणेत दडलेले.

आकार हा डिझाइनचा एक भाग झाला. कोणते माप किती सैल चालेल, कोणत्या पृष्ठभागापासून मोजायचे, धातू कोणता, हीट ट्रीटमेंट कोणती, पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा आणि हे सगळे कितव्या रिव्हिजनचे आहे, हे मिळून डिझाइन पूर्ण होते. कागदी ड्रॉइंगच्या काळात, अमोनिया प्रिंटच्या वासाने भरलेल्या ड्रॉइंग ऑफिसमधून, हे सारे एकाच कागदावर यायचे. कॉम्प्युटर आल्यावर आकार मॉडेलमध्ये गेला, टॉलरन्स पीडीएफमध्ये राहिला, मटेरियल खरेदी विभागाच्या ऑर्डरमध्ये गेले आणि बदलाची सूचना कोणाच्या तरी ईमेलमध्ये.

आकारही जसाच्या तसा जात नाही

निदान आकार तरी बिनचूक जातो का? नेहमी नाही. प्रत्येक कॅड सॉफ्टवेअरच्या पोटात आकाराचे गणित करणारा एक गाभा असतो. सीमेन्सच्या एनएक्सचा आणि सॉलिडवर्क्सचा गाभा पॅरासॉलिड हा आहे, कॅटियाचा गाभा स्वतःचा आहे. गोलाकार कडा किंवा बोनेटसारखा वळणदार पत्रा हा या गाभ्याच्या दृष्टीने अनेक तुकड्यांचा मिळून बनतो. दोन तुकड्यांच्या कडांमध्ये किती फट असली तरी त्या ‘जुळल्या’ म्हणायच्या, याची मर्यादा प्रत्येक गाभ्याची वेगळी असते. एकाने जुळलेली मानलेली कड दुसऱ्याला उघडी दिसते. मग भरीव वस्तूऐवजी पडद्यावर सुटे पापुद्रे येतात, आणि टूलरूममधला डिझायनर डायचे काम सुरू करण्याआधी दिवसभर फटी शिवत बसतो.

आणखी एक गोष्ट वाटेत गळते. मूळ मॉडेलमध्ये डिझायनरने आधी ठोकळा केला, मग भोक पाडले, मग कड गोल केली, असा क्रम साठवलेला असतो. एक माप बदलले की बाकीचे आपोआप बदलतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम जवळजवळ कधीच पोहोचत नाही. पोहोचतो तो मुका आकार. बदल आला की सगळे पुन्हा करायचे.

याची झळ किती असते, याचा हिशेब 1999 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मानक संस्थेने करवून घेतला. केवळ अमेरिकेच्या वाहन उद्योगात कॅड डेटाच्या या गैरसोयीपायी वर्षाला किमान 1 अब्ज डॉलर वाया जातात, असे त्यात निघाले. त्यातला मोठा वाटा होता बिघडलेल्या फाइल दुरुस्त करण्याचा किंवा तेच मॉडेल नव्याने बांधण्याचा. म्हणजे नवे काहीही न घडवता, आधीच झालेले काम पुन्हा करण्याचा.

सर्वांची समाईक फाइल

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. 1979 मध्ये बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आणि अमेरिकी सरकारी संस्था एकत्र आल्या आणि पुढच्या वर्षी आयजीईएस नावाचा समाईक फाइल-प्रकार जाहीर झाला. आपल्या टूलरूममध्ये त्याला ‘आयजेस’ म्हणतात. तो पंच कार्डांच्या काळातला, म्हणून त्याची प्रत्येक ओळ 80 अक्षरांची. त्याच सुमारास जर्मन वाहन उद्योगाने आणि फ्रेंच विमान उद्योगाने आपापले वेगळे प्रकार काढले. समाईक भाषा हवी म्हणून निघालेल्यांनी अनेक भाषा तयार केल्या.

मग 1984 पासून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत दहा वर्षे काम चालले आणि 1994 मध्ये ‘स्टेप’ हे मानक आले, क्रमांक आयएसओ 10303. आजही वर्कशॉपमध्ये ‘स्टेप फाइल पाठवा’ असे म्हणतात ते हेच. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडता येते, आणि एकदा तरी उघडून बघावी. पहिल्या ओळीत मानकाचा क्रमांक असतो. पुढच्या भागात फाइल कधी, कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघाली ते येते. मग क्रमांकित ओळींची रांग सुरू होते. एका ओळीत ‘कार्टेशियन पॉइंट’ आणि कंसात तीन आकडे, म्हणजे अवकाशातला एक बिंदू. पुढची एखादी ओळ त्या बिंदूचा क्रमांक सांगून तिथे एक अक्ष उभा करते. त्यापुढची त्या अक्षाभोवती ‘सिलिंड्रिकल सर्फेस’ रचते आणि शेवटी त्रिज्येचा आकडा लिहिते 6. आपल्या ब्रॅकेटचे 12 मिलिमीटरचे भोक ते हेच. कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसलेले, कोणालाही वाचता येईल असे.

पण त्या ओळींत ‘एच-7’ कुठे आहे? सुरुवातीच्या स्टेपमध्ये तो नसायचा. 2014 मध्ये स्टेपची एपी-242 ही शाखा आली. विमान उद्योगाची एपी-203 आणि वाहन उद्योगाची एपी-214 या दोन जुन्या शाखा तिने एकत्र केल्या, आणि टॉलरन्स, डेटम, पृष्ठभागाची गुणवत्ता ही माहिती मॉडेललाच चिकटवून पाठवण्याची सोय केली. ती नुसती चित्र म्हणून न पाठवता अशा रूपात पाठवता येते की तपासणीचे यंत्र स्वतः वाचून मोजमापाचा कार्यक्रम तयार करू शकेल. सोय आहे, पण ती वापरली जातेच असे नाही. अनेक ठिकाणी अजूनही जुन्या शाखेत फाइल काढून पाठवली जाते, कारण सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून तीच निवडलेली असते.

आकडा तोच, वाचन वेगळे

माहिती पूर्ण पोहोचली, तरी दोघे ती एकसारखीच वाचतील याची खात्री नसते. भारतात आणि युरोपात ड्रॉइंग सहसा फर्स्ट अँगल पद्धतीने काढतात, अमेरिकेत थर्ड अँगलने. टायटल ब्लॉकच्या कोपऱ्यातले छोटे शंकूचे चिन्ह न बघता काम सुरू केले, तर डाव्या हाताचा भाग उजव्या हाताचा होऊन बसतो. इंच आणि मिलिमीटर यांत 25.4 पटींचा फरक; थ्री-डी प्रिंटिंगच्या एसटीएल फाइलमध्ये तर एकक लिहिलेलेच नसते.

याहून सूक्ष्म फरक टॉलरन्सच्या अर्थात आहे. अमेरिकेच्या एएसएमई मानकात पिनचा व्यास दिला, की ती पिन कुठेही वाकडी असली तरी कमाल मापाच्या अचूक नळीतून गेलीच पाहिजे, हे गृहीत असते. आयएसओ मानकात ते गृहीत नसते. व्यास वेगळा तपासायचा आणि सरळपणा हवा असेल तर तो वेगळा सांगायचा. ड्रॉइंग तेच, आकडे तेच, पण एका मानकाने पास होणारी पिन दुसऱ्याने नापास. म्हणून टायटल ब्लॉकमधली ‘कोणत्या मानकानुसार’ ही बारीक अक्षरांची ओळ आधी वाचायची.

जुन्या रिव्हिजनचा धोका

शॉप फ्लोअरवर माल ज्यामुळे भंगारात जातो, असे एक कारण मात्र अगदी साधे आहे. ड्रॉइंग जुने होते. डिझाइन विभागाने भोक दोन मिलिमीटर सरकवले, रिव्हिजन ‘बी’ची ‘सी’ झाली, बदलाची सूचना पहिल्या पुरवठादाराला गेली. त्याने ज्याच्याकडून मशिनिंग करून घेतले त्याला फोनवर सांगितले. त्याने प्लेटिंगवाल्याला सांगितलेच नाही. मशीनजवळ भिंतीवर चिकटवलेली प्रिंट ‘बी’चीच राहिली. व्हॉट्सॲपवर आलेल्या ड्रॉइंगच्या फोटोत टायटल ब्लॉक कापला गेला असेल, तर रिव्हिजन कोणते हे कळायलाही मार्ग नसतो.

वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या गुणवत्ता मानकात म्हणूनच ग्राहकाकडून आलेल्या बदलाची छाननी ठरावीक मुदतीत करणे, तो कधी अमलात आला याची नोंद ठेवणे, या अटी आहेत. मोठ्या पुरवठादारांकडे त्यासाठी माणसे असतात. साखळीच्या तळाशी पाच मशीन चालवणाऱ्या मालकाकडे ती नसतात. तोच प्रोग्रॅमर, तोच तपासनीस आणि तोच डिलिव्हरीला जाणारा.

एकच सॉफ्टवेअर सर्वांनी घ्यावे का?

ए-380 च्या अनुभवानंतर असे वाटणे स्वाभाविक आहे. बोइंगने 787 विमानासाठी तसेच केले. जपान, इटली, अमेरिका इथल्या भागीदारांनी कॅटियाची एकच ठरावीक आवृत्ती वापरायची आणि एकाच समाईक यंत्रणेत काम करायचे. आकारांची देवाणघेवाण त्यामुळे सुधारली. तरीही 787 तीन वर्षांहून अधिक उशिराने, सप्टेंबर 2011 मध्ये ग्राहकाला मिळाले. भागीदारांकडून अर्धवट काम झालेले भाग येत राहिले, फास्टनरचा तुटवडा पडला आणि कोणाकडे काय बाकी आहे हे जुळणीच्या जागेवर गेल्यावरच कळू लागले. मॉडेल सर्वांना दिसत होते. कामाची खरी स्थिती दिसत नव्हती.

शिवाय लहान पुरवठादाराला एकच सॉफ्टवेअर परवडत नाही, कारण त्याचा ग्राहक एक नसतो. 2010 मध्ये मर्सिडीज-बेंझ बनवणाऱ्या डाइमलरने कॅटिया सोडून एनएक्स वापरण्याचा निर्णय जाहीर केला. इतर काही जर्मन कंपन्या कॅटियावरच राहिल्या. दोघांनाही माल देणाऱ्याने दोन्ही लायसन्स घ्यावीत, दोन्हींची माणसे शिकवावीत, की भाषांतरावर विसंबावे? या प्रश्नाची किंमत डाइमलरने भरलेली नाही, ती पुरवठादारांनी भरली.

सॉफ्टवेअर घडवणारे आणि ते वापरणारे यांच्यातली दरी पुण्याच्या बाबतीत विशेष जाणवते. गोदरेज समूहातून निघालेल्या जिओमेट्रिक या कंपनीने दासो सिस्तेमबरोबर मिळून 2002 मध्ये 3डी पीएलएम ही कंपनी उभी केली, आणि कॅटियासारख्या सॉफ्टवेअरच्या विकासाचे मोठे काम पुण्यात होऊ लागले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये जगभरचे कारखाने डिझाइन करतात, त्यात मराठी अभियंत्यांचे हात आहेत. आणि त्याच शहरात त्याच सॉफ्टवेअरची फाइल उघडत नाही म्हणून टूलरूमचे काम अडते. ज्ञान इथे आहे, गरजही इथेच आहे. या दोन्हींची गाठ घालण्याचे काम औद्योगिक संघटनांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मनावर घेतले पाहिजे.

द्यायचे किती, राखायचे किती

माहिती पूर्ण द्यावी म्हटले की लगेच भीती येते चोरीची. ती खोटी नाही, आणि ती दोन्ही बाजूंना असते. ग्राहकाला वाटते, आपले डिझाइन प्रतिस्पर्ध्याकडे जाईल. पुरवठादाराला वाटते, आपण कष्टाने सुधारलेली डाय मॉडेलसकट दिली तर उद्या ती दाखवून दुसऱ्याकडून स्वस्त कोटेशन मागवले जाईल. म्हणून जाणते लोक गरजेपुरतेच देतात. जुळणी तपासायची असेल तर आतले तपशील काढून बाहेरचे कवच पाठवायचे. बनवायचे असेल तर पूर्ण मॉडेल, पण गोपनीयतेच्या करारासह आणि फाइल कोणाला, कधी, कितव्या रिव्हिजनची दिली याच्या नोंदीसह.

जर्मनीत 2021 मध्ये बीएमडब्ल्यू, बॉश, एसएपी यांसारख्या कंपन्यांनी कॅटेना-एक्स ही व्यवस्था सुरू केली. तिचे तत्त्व असे की माहिती एका मोठ्या गोदामात जमा करायची नाही. ती मालकाकडेच राहते आणि त्याने ठरवलेल्या अटींवर समोरच्याला मिळते. युरोपात 2027 पासून इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होत आहे. कच्च्या मालापासूनची माहिती त्यात द्यावी लागेल. युरोपला माल देणाऱ्या आपल्या पुरवठादारांकडे असे प्रश्न येणारच. तेव्हा आतापासून नोंदी नीट ठेवणाऱ्याला त्याचा फायदा होईल.

लहान वर्कशॉपने काय करावे

माहिती वाटेत गळू नये म्हणून महागडे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. पहिली मागणी अशी की मॉडेल स्टेप एपी-242 मध्ये आणि त्याबरोबर पीडीएफ ड्रॉइंग, दोन्हीवर एकच रिव्हिजन क्रमांक. दुसरी, मॉडेल आणि ड्रॉइंग यांत फरक आढळला तर खरे कोणते धरायचे, हे लेखी. तिसरी युक्ती स्टेपमध्येच दिलेली आहे: पाठवणारा वस्तूचे घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य फाइलमध्ये लिहून पाठवू शकतो, आणि घेणारा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ते पुन्हा काढून ताडून बघू शकतो. ही सोय नसेल तर फोन करून विचारावे, ‘साहेब, तुमच्याकडे या भागाचे घनफळ किती दाखवते?’ आकडे जुळले नाहीत, तर वाटेत काहीतरी गळले आहे हे मशीन सुरू होण्याआधीच कळते. चौथी गोष्ट, नवे ड्रॉइंग आले की मशीनजवळची जुनी प्रिंट फाडून टाकायची, आणि ते कोणी केले त्याची सही घ्यायची.

पण खरी जबाबदारी वरच्या टोकाची आहे. ज्याच्याकडे डिझायनर आहेत, लायसन्स आहेत, सर्व्हर आहेत, त्याने अर्धवट फाइल पाठवायची आणि तिचा अर्थ लावण्याचा खर्च ज्याच्याकडे सर्वांत कमी साधने आहेत त्याने सोसायचा, ही रीत महागही आहे आणि अन्यायाचीही. रिजेक्ट झालेला लॉट पुरवठादाराच्या नावावर पडतो; तो लॉट ज्या अपुऱ्या माहितीवर बनला, ती कोणाच्याच खाती पडत नाही. मोठ्या कंपन्या पुरवठादारांच्या गुणवत्तेला गुण देतात. त्यांनी पाठवलेल्या डेटाला पुरवठादारांनीही गुण द्यावेत, आणि ते गुण कंपनीच्या खरेदीप्रमुखापुढे तेवढ्याच गांभीर्याने ठेवले जावेत. एवढे झाले, तर भोसरीतल्या मशिनिस्टला ‘एच-7’ साठी कोणाला फोन करावा लागणार नाही.